देवी, लस आणि सरकारी माणूस

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला तेव्हा विषयाच्या शोधात आम्हांला फार दूर जावे लागले नाही. आमच्याच दंडावर तो होता. रुपयाच्या नाण्याएवढा, किंचित खोलगट आणि कडेने सुरकुतलेला असा एक व्रण. पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेक वाचकांच्या दंडावर तो असेल. वडीलधाऱ्यांच्या दंडावर तर दोन-दोन, चार-चार असतील. आमच्या मुलांच्या दंडावर क्षयाच्या लशीची बारीक खूण आहे, पण हा मोठा व्रण नाही. तो का नाही, याची हकीकत म्हणजेच प्रस्तुत लेखाचा विषय होय. भारतातील देवीचे अखेरचे रुग्ण १९७५ च्या मे महिन्यात नोंदले गेले. म्हणजे आपले मंडळ आणि देवीमुक्त भारत हे जवळजवळ एकाच वयाचे आहेत. हा योगायोग आम्हांला मोठा सूचक वाटला.

राज्याने प्रजेचे रक्षण करावे असे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तट, तोफा आणि पोलीस येतात. चेन्नईत राहणाऱ्यास तर सेंट जॉर्ज किल्ला रोज दिसतो. १९१४ च्या २२ सप्टेंबरच्या रात्री एमडेन या जर्मन युद्धनौकेने मद्रासवर तोफा डागल्या. मृतांची संख्या मोजकीच होती. परंतु शहराने तो धसका असा घेतला की ‘एमडेन’ हा शब्द तमिळ बोलीत वस्ताद माणसासाठी कायमचा रुळला. याउलट, ज्या शत्रूने या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या घरटी माणसे नेली, त्याच्याशी झालेल्या युद्धाची स्मृती मात्र दंडावरील व्रणापुरती उरली आहे. त्या युद्धात तोफा नव्हत्या. होता तो एक सुई घेतलेला सरकारी माणूस, आणि त्याच्यासमोर होता एका घराचा उंबरठा. तो उंबरठा त्याने कसा ओलांडला, यावर सारे अवलंबून होते.

या उंबरठ्याची गोष्ट समजून घ्यायची तर शब्दांपासून आरंभ करावा लागतो. मराठीत आपण या रोगाला रोग म्हटलेच नाही. ‘देवी आल्या’ असे म्हटले. आपले तमिळ शेजारी त्याला ‘अम्मै’ म्हणतात, म्हणजे साक्षात आईच. आपल्याकडे शीतळादेवी, तर इकडे मारियम्मन. दोन्हीकडे दाराला कडुनिंबाचे डहाळे बांधायचे, घरात फोडणी द्यायची नाही, आणि मोठ्याने बोलायचे नाही. आमच्या आजीच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. तिच्या दोन भावंडांना देवींनी ‘नेले’ होते. ती नेहमी हेच क्रियापद वापरी. ‘मेली’ असे तिने कधी म्हटले नाही. दर दहा रोग्यांमागे सुमारे तिघांना नेणाऱ्या आणि उरलेल्यांपैकी कित्येकांची दृष्टी हिरावून घेणाऱ्या या व्याधीला घरात आलेल्या देवतेचा मान होता. अशा घरी सरकारचा माणूस हत्यार घेऊन आला, तर तो रक्षणकर्ता ठरणार की देवीचा अपमान करणारा?

रामेश्वरच्या वाटेवरील छत्रे

लोकरक्षणाचा विचार या प्रांतात इंग्रजांबरोबर आला असे मानणे बरोबर होणार नाही. आपणा मराठीभाषकांना तर तंजावरचा विसर पडणे शोभत नाही. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे १७९८ मध्ये गादीवर बसले. त्यापूर्वी कुमारवयात त्यांच्या जीवितास धोका निर्माण झाल्यामुळे मिशनरी श्वार्ट्झ यांनी त्यांना मद्रासला आणून ठेवले होते, आणि त्यांच्या शिक्षणाचा काही भाग याच शहरात झाला. गादी मिळाली खरी, पण १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला, आणि राजांच्या हाती तंजावरचा किल्ला व काही मोजक्या गोष्टी राहिल्या.

या मोजक्या गोष्टींत राजांना ज्यांची सर्वांत अधिक कळकळ होती ती म्हणजे छत्रे. रामेश्वरच्या यात्रामार्गावर तंजावरच्या राजघराण्याने जागोजागी छत्रे उभारली होती आणि त्यांतील अनेकांना राजस्त्रियांची नावे दिली होती. नीडामंगलमचे यमुनांबा छत्र आणि ओरत्तनाडूचे मुक्तांबा छत्र ही त्यांपैकीच. १८०१ मध्ये राजांनी कंपनीच्या रेसिडेंटला एक पत्र लिहून छत्रांचे काम समजावून दिले. येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कोणत्याही जातीचा असो, तेथे अन्न मिळे. वाटेत आजारी पडलेल्याला ठेवून घेऊन वैद्याकडून उपचार होत, आणि सर्पदंशावर इलाज करणारेही तेथे असत. आईवेगळ्या अर्भकांना दूध मिळे, वाटेत अडलेल्या गर्भवतीची देखभाल होई, आणि कोणी मरण पावला तर त्याच्या धर्माप्रमाणे त्याचे अंत्यसंस्कार होत. राज्य गेलेला राजा नव्या राज्यकर्त्यांना सांगत होता की या गोष्टी बंद पडू देऊ नका.

राजांनी पुढे तंजावरात धन्वंतरी महाल स्थापला. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा निरनिराळ्या पद्धतींचे वैद्य औषधांची पारख करीत, आणि अनुभवास उतरलेले योग तमिळ पद्यांत ग्रंथबद्ध केले जात. सरस्वती महालातील कागदपत्रांत त्या काळच्या नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदीही आढळतात. छत्र आणि धन्वंतरी महाल यांतून एक गोष्ट आम्हांला जाणवते. येथे रोगी आपल्या पायांनी येत होता. दार राजाचे होते आणि ते उघडे होते. परंतु देवीसारख्या साथीत एवढे पुरे पडत नाही. तेथे राज्याला प्रजेच्या दारी जावे लागते, आणि खरी अडचण तेथूनच सुरू होते.

दंडापासून दंडापर्यंत

एडवर्ड जेन्नर या इंग्रज डॉक्टराने १७९६ मध्ये गाईच्या देवीतील द्रव एका मुलास टोचून तो मुलगा मनुष्याच्या देवीपासून सुरक्षित राहतो हे दाखविले. ही लस हिंदुस्थानात आणणे मात्र सोपे नव्हते, कारण वाटेतील उष्णतेने ती निकामी होई. अखेर बगदाद-बसऱ्याच्या मार्गाने ती मुंबईस जिवंत पोचली, आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर हिंदुस्थानातील पहिली देवी काढली गेली. तिच्या फोडातील द्रव काढून दुसऱ्या मुलांना टोचला, त्यांच्याकडून आणखी काहींना, आणि अशी साखळी जोडीत लस पुणे, सुरत, हैदराबाद आणि मद्रास येथे पोचली. मद्रासच्या लाखो दंडांवरील व्रणांचे मूळ असे मुंबईच्या एका चिमुकल्या मुलीच्या दंडात आहे.

आज आपण लस म्हटली की बाटली आणि शीतपेटी मनात आणतो. त्या काळी मूल हीच बाटली होती. टोचल्यापासून साधारण आठव्या दिवशी फोड भरे. त्याच सुमारास त्यातील द्रव पुढील मुलास टोचला नाही तर साखळी तुटे. म्हणून देवी काढणाऱ्यास एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना टोचलेले मूल बरोबर न्यावे लागे. कोणती आई आपले मूल असे पाठवील? आणि आठव्या दिवशी त्याच्या दंडावरील फोड पुन्हा फोडू देईल? शिवाय कोणत्या जातीच्या मुलाचा द्रव कोणत्या जातीच्या मुलाच्या अंगात जाणार, हा प्रश्न होताच. घरोघरचा नकार केवळ अज्ञानातून येत होता असे म्हणणे त्या आयांवर अन्याय करणारे होईल.

हा नकार कसा मोडावा, याचा विचार करणारे अधिकारीही होते. मद्रासचे कलेक्टर फ्रान्सिस व्हाइट एलिस हे तमिळचे गाढे अभ्यासक. तिरुक्कुरळच्या काही भागाचे त्यांनी इंग्रजीत भाषांतर केले, आणि दक्षिणेतील भाषा हे एक स्वतंत्र कुल आहे हे त्यांनी १८१६ मध्येच मांडले. लस म्हणजे गोमातेचीच एक देणगी आहे, असे धन्वंतरीच्या नावाने सांगणारी एक रचना त्यांनी देशी ग्रंथांच्या धाटणीत सिद्ध केली. गाईची पवित्र पंचगव्ये लोकांना मान्य आहेत, मग हे सहावे का नको, असा तिचा रोख. हेतू उत्तम होता. परंतु गंमत अशी की देवीची लस प्राचीन भारतीय शास्त्रात होतीच, ही जी समजूत पुढे पसरली, तिचा माग काढता काढता तो एलिस यांच्या वर्तुळापाशी येऊन पोचतो, असे अभ्यासकांचे मत आहे. लोकांच्या भाषेत व श्रद्धेत बोलावे हा अधिकाऱ्याचा मोठा गुण; पण चांगल्या कामासाठीही बनावट आधार दिला तर तो खरा मानून पुढच्या पिढ्या फसतात. विश्वास मिळविणे आणि विश्वास लुबाडणे यांतील रेघ किती बारीक असते, हे एलिस यांच्या उदाहरणावरून ध्यानी येते.

गिंडीचे वासरू

कायदा हाही एक मार्ग होता. १८८० च्या कायद्याने नगरपालिका व छावण्यांच्या हद्दीत मुलांना देवी काढणे सक्तीचे करण्याची सोय झाली. परंतु कायद्याच्या हाती सुई नसते. सुई होती ती अल्प वेतनावर उन्हातान्हात गावोगाव हिंडणाऱ्या कनिष्ठ सेवकाच्या हाती. आपल्याकडे त्याला ‘देवीडॉक्टर’ म्हणत. तो आला की मुले माळ्यावर, शेतात, कणगीमागे लपविली जात. दंडावर टेकवून बोटांनी गरकन फिरवायचे त्याचे दातेरी हत्यार ज्यांनी सोसले आहे, त्यांना त्या लपाछपीचे नवल वाटणार नाही.

या सेवकाचे काम सुकर केले ते विज्ञानाने. मुलाच्या दंडाऐवजी वासराच्या कातडीवर लस तयार करण्याची पद्धत रूढ झाली आणि मूल बरोबर नेण्याची गरज संपली. मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त डॉ. डब्ल्यू. जी. किंग यांनी ही लस लॅनोलीनमध्ये कालवून उष्ण हवेत टिकविण्याचे प्रयोग केले. त्यांच्याच प्रयत्नाने १८९९ मध्ये गिंडी येथे लस निर्माण करणारी संस्था उभी राहिली. तीच आजची किंग इन्स्टिट्यूट. गिंडीवरून रोज कचेरीस जाणाऱ्या आपल्यातील कितीजणांना ठाऊक आहे की दक्षिणेतील कोट्यवधी मुलांच्या दंडावर जी लस लागली, ती येथील वासरांच्या अंगावर तयार होत होती? मुंबई इलाख्यासाठी असेच केंद्र बेळगावास होते. टिळकवाडीचे ‘व्हॅक्सीन डेपो मैदान’ हे नाव बेळगावकर मंडळी आजही सहज उच्चारतात; सभा आणि सकाळचा फेरफटका यांसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या जागेने एके काळी घराघराचे रक्षण केले, हे मात्र नावापुरतेच उरले आहे.

पुण्याचा धडा

गिंडीची संस्था उभी राहत होती त्याच सुमारास, रक्षणाच्या नावाखाली उंबरठा कसा ओलांडू नये याचा धडा पुणे शहराने साऱ्या हिंदुस्थानास दिला. तो देवीचा नसून प्लेगचा आहे. परंतु त्याच्यावाचून देवीची कथा पुरी समजत नाही.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला. सरकारला आवश्यक वाटतील ते नियम करण्याची मुभा त्याने दिली, आणि सद्‌भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही असेही ठरविले. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली आणि घरे तपासण्यास गोरे सैनिक लावले गेले. सौम्यपणाच्या सूचना कागदोपत्री होत्या. प्रत्यक्षात देवघरे आणि माजघरे तुडवली गेली, स्त्रियांची तपासणी भर रस्त्यात झाली, सामान जाळले गेले, आणि माणसे ओढून इस्पितळात वा छावणीत नेली गेली. १८९७ च्या २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. तो इतिहास प्रत्येक मराठी माणसास तोंडपाठ आहे.

जे तोंडपाठ नसते ते असे की, लोकमान्य टिळकांनी सैनिकांच्या जुलमावर जळजळीत टीका केली, तशीच पुणे सोडून पळणाऱ्या पुढाऱ्यांनाही त्यांनी धारेवर धरले. रोग्यास वेगळे ठेवले पाहिजे हे त्यांना मान्य होते, आणि हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ चालविण्यात त्यांनी पुढाकार घेतला. त्याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी आपले डॉक्टर पुत्र यशवंत यांच्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा केली आणि रोगाची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या निवर्तल्या. त्याच वर्षाच्या जानेवारीत मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून प्रथम स्वतःलाच टोचून घेतली होती. एकाच साथीत, एकाच प्रांतात, रक्षणाची ही किती भिन्न रूपे! एकाने दुसऱ्याचे दार फोडले. एकीने दुसऱ्याच्या रोग्यास स्वतः उचलले. एकाने दुसऱ्यास टोचण्याआधी आपलाच दंड पुढे केला.

सरकारनेही हा धडा काही अंशी घेतला. पुढील काही वर्षांत सैनिकांची घरझडती मागे पडली, सक्ती सैल झाली, आणि वैद्य, हकीम व स्थानिक प्रतिष्ठित यांच्या साहाय्याने स्वेच्छेने लस टोचण्यावर भर आला. जुलूम चालत नाही हे दयाबुद्धीने नव्हे, तर अनुभवाने पटले, असे म्हणावे लागेल. कारण सरकारी माणूस येताच लोक रोगी लपवू लागले, आणि लपविलेला रोगी सर्वांत अधिक माणसे मारतो.

तक्त्यांचा भ्रम आणि शोधाचा मार्ग

स्वातंत्र्यानंतर उंबरठ्याबाहेर उभा असलेला सरकारी माणूस आपलाच झाला. म्हणून काम आपोआप सोपे झाले असे नाही. १९६२ मध्ये राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. तीन वर्षांत ऐंशी टक्के लोकांना देवी काढायच्या असे उद्दिष्ट ठरले. कोट्यवधी टोचण्या झाल्या, तक्ते भरले, आणि देवी मात्र हटेनात. कारण आम्हां कचेरीत आयुष्य घालविलेल्या माणसांना चटकन कळण्यासारखे आहे. आकडा पुरा करायचा तर शाळेतील मुले हाताशी होती. त्यांनाच पुन्हापुन्हा टोचले गेले. फुटपाथवरचा, वीटभट्टीवरचा, कामासाठी गाव सोडून भटकणारा, असा जो मनुष्य रोग घेऊन हिंडत होता, तो कोणत्याच तक्त्यात नव्हता.

दिशा बदलली ती १९६७ नंतर. सरसकट टोचण्याऐवजी रोगी शोधा, आणि त्याच्याभोवतीच्या साऱ्यांना टोचून रोगास कोंडा, हे नवे सूत्र झाले. या विद्येत आपल्या शहराचा वाटा मोठा आहे. तोंडियारपेट्टच्या सांसर्गिक रोगांच्या रुग्णालयात डॉ. ए. रामचंद्र राव यांनी देवीच्या हजारो रुग्णांचे बारकाईने निरीक्षण केले. १९६० च्या सुमारास परदेशी संशोधकांनी देवीवरील औषधांच्या ज्या परीक्षा घेतल्या, त्यांतील काही महत्त्वाच्या याच मद्रासेत झाल्या. डॉ. राव यांचा देवीवरील ग्रंथ १९७२ मध्ये मुंबईस प्रसिद्ध झाला आणि तो या विषयावरील अधिकारी ग्रंथ मानला गेला. उत्तरेकडील राज्ये देवीने होरपळत असतानाच तामिळनाडू त्यातून मोकळे झाले होते, हे येथे आवर्जून नमूद करावेसे वाटते.

साधनेही सुधारली. उष्णतेत महिनाभर टिकणारी कोरडी लस आली. भारतात ती तयार करणाऱ्या चार केंद्रांत गिंडी आणि बेळगाव ही दोन्ही होती. दातेरी हत्यार जाऊन दोन टोकांची साधी सुई आली. तिच्या पंधरा हलक्या टोचण्या कोणीही थोड्या शिकवणीने देऊ शके.

१९७४ मध्ये बिहार व उत्तर प्रदेशात देवींनी अखेरचा मोठा हल्ला केला. त्या एका वर्षी देशात १,८८,००० हून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि ३१,००० हून अधिक माणसे दगावली. तेव्हा लाखाहून अधिक आरोग्यसेवक ठरावीक दिवसांनी घरोघर फिरले. त्यांच्या हाती देवी आलेल्या बालकाचे चित्र असलेले कार्ड असे. दारात उभे राहून ते दाखवायचे आणि विचारायचे, असा कोणी पाहिला का? अक्षरओळख नसलेल्या म्हातारीलाही उत्तर देता येई. बातमी देणाऱ्यास बक्षीस होते. रोगी दुर्मीळ होत गेले तसे ते पन्नास रुपयांपासून हजारापर्यंत वाढले. पुण्यात सरकारी माणसाच्या भयाने लोकांनी रोगी लपविले. येथे लोक आपण होऊन रोग्याची बातमी घेऊन येऊ लागले. हा फरक आम्हांस लशीच्या शोधाइतकाच मोलाचा वाटतो.

तथापि चित्र सर्वस्वी उजळ रंगवणे सत्यास धरून होणार नाही. अखेरच्या घाईत काही ठिकाणी रात्री दारे ढकलून, माणसांना धरून टोचले गेले. त्या मोहिमेत भाग घेतलेल्यांनीच पुढे हे लिहून ठेवले आहे. यश मिळाले म्हणून साधने धुतली जात नाहीत. ज्या घरात सक्ती झाली, त्या घरात पुढच्या लशीचे स्वागत कसे होईल, हा हिशेब कोणत्याही तक्त्यात मांडलेला नसतो.

१९७५ च्या मे महिन्यानंतर भारतात देवीचा रुग्ण सापडला नाही. १९७७ च्या एप्रिलात आंतरराष्ट्रीय आयोगाने भारत देवीमुक्त असल्याचा निर्वाळा दिला, आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने सारे जग देवीमुक्त झाल्याचे घोषित केले. मनुष्याने पृथ्वीवरून समूळ घालविलेला मनुष्याचा हा एकमेव रोग. म्हणून आमच्या मुलांच्या दंडावर तो व्रण नाही.

पुन्हा उंबरठा

ही कहाणी येथेच संपवता आली असती, तर आम्हांस समाधान वाटले असते. परंतु २०२० साल आपण सर्वांनी याच शहरात काढले आहे. करोनाच्या साथीत १८९७ चाच साथीच्या रोगांचा कायदा पुन्हा हाती घेतला गेला. महानगरपालिकेचे हजारो सेवक रणरणत्या उन्हात रोज दारोदार फिरून ताप कोणाला आहे हे विचारीत होते, गल्लोगल्ली तापाच्या तपासणीची शिबिरे भरत होती, आणि गिंडीच्या त्याच किंग इन्स्टिट्यूटमध्ये नमुन्यांची तपासणी रात्रंदिवस चालली होती. आपल्यापैकी कित्येकांनी त्या दारात आलेल्या मुलीस पाणी दिले असेल. काहींनी दार न उघडताच तिला वाटेस लावले असेल.

त्याच वर्षी एप्रिलात, करोनाने मृत्यू पावलेल्या एका डॉक्टराच्या दफनास या शहरात जमावाने विरोध केला. रुग्णवाहिकेवर दगड पडले, नेणारी माणसे जखमी झाली, आणि त्यांना पार्थिव घेऊन पळ काढावा लागला. देशात इतरत्रही आरोग्यसेवकांवर हल्ले होत होतेच. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २२ एप्रिल २०२० रोजी, त्या जुन्या कायद्यात वटहुकुमाने दुरुस्ती झाली आणि आरोग्यसेवकांवर हात टाकणाऱ्यास कठोर शिक्षा ठरली. काळाचा हा फेरा पाहून मन विषण्ण होते. १८९७ मध्ये लोकांना रक्षणकर्त्यांपासून रक्षण हवे होते. २०२० मध्ये रक्षणकर्त्यांनाच लोकांपासून रक्षण द्यावे लागले. दोन्ही वेळा रोग तोच होता, आणि त्याचे नाव अविश्वास असे आहे. त्यावर लस निघालेली नाही.

शासनात तीस वर्षे काढल्यावर आम्हांस एवढे निश्चित वाटते की कायदा, निधी आणि विज्ञान या तिन्ही गोष्टी सरकारी माणसाला उंबरठ्यापर्यंत आणून सोडतात. पुढचे एक पाऊल त्याला स्वतःला टाकावे लागते, आणि आतून कोणी तरी ‘या’ म्हणावे लागते. तंजावरच्या छत्रात परक्या यात्रेकरूच्या उशाशी बसलेला वैद्य, कणगीमागे लपलेल्या पोराला गोड बोलून बाहेर काढणारा देवीडॉक्टर, चित्राचे कार्ड घेऊन उन्हात हिंडणारा सेवक, यांची नावे कोणत्याही शिलालेखावर नाहीत. त्यांची सही आहे ती आपल्या दंडावर.

आपण मराठी मंडळी घरापासून दूर, दुसऱ्यांच्या गावी येऊन राहिलो. या गावाने आपल्याला ‘या’ म्हटले, म्हणून आपले मंडळ पन्नास वर्षांचे झाले. उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाची अवस्था आपल्याइतकी दुसऱ्या कोणास समजावी? तेव्हा पुढच्या वेळी महानगरपालिकेचा कोणी सेवक वही घेऊन आपल्या दारात उभा राहील, आणि त्याची तमिळ आपल्याला नीटशी उमगणार नाही, तेव्हा क्षणभर आपल्या दंडावरील त्या व्रणास हात लावून पाहावा, आणि मग दार उघडावे, एवढीच आमची वाचकांस नम्र विनंती आहे.